टक् करते आणि गप्प बसते

चवथ (गणेशचतुर्थी) झाली आणि गाडीच्या दुखण्यांच्या या सदराला पत्रं आली. दरवर्षीचंच आहे हे. एरवी दारात उभ्या असलेल्या गाड्या चवथीला एकदम बाहेर निघतात, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान काय, गणपती काय, मुंबईचे पाहुणे काय, आणि नेमकी तेव्हाच गाडी सेल्फ घेत नाही, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर उठत नाही. यावेळी पाच पत्रं घेतलीयत, पाचही व्हॅनवाल्यांची. खरं सांगायचं तर त्यातल्या चारांचं मूळ दुखणं एकच आहे, पण ते एका ओळीत सांगून मोकळा झालो तर संपादक मानधन कापतील, म्हणून सविस्तर.

प्रश्न: नमस्कार. माझा म्हार्दोळला जेवणाच्या ऑर्डरींचा छोटा धंदा आहे, मुंजी, बारशी, देवळातल्या समाराधना असं. पेट्रोल व्हॅन आहे, मागच्या सीट काढून त्यात टोप नि डबे नेते. सहा महिन्यांत ही गाडी चार वेळा अडली. चावी फिरवली की टक् असा एकच आवाज, मग डॅशबोर्डचे दिवेसुद्धा जातात, सगळं ठार. पाच मिनिटांनी परत चावी फिरवली तर झटक्यात चालू, जसं काही झालंच नव्हतं. आधी नवी बॅटरी घातली. मग डायनामो खोलून दुरुस्त केला. मग सेल्फ. साडेअकरा हजार गेले आणि परवा कवळ्याला जेवण घेऊन जाताना फर्मागुडीला नारळ घ्यायला थांबले, तर परत तेच. एका टॅक्सीवाल्याने त्याच्या बॅटरीवरून जंपरची वायर लावली आणि लगेच चालू झाली. बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते, म्हणजे चांगली ना? मग बिघाड कुठे?

उत्तर: ताई, तुमचं झालंय आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बॅटरी बदलली, तिला चार्ज करणारा डायनामो केला, सेल्फ केला, आणि या तिघांना जोडणाऱ्या वायरीच्या टोकाला कोणी हात लावून बघितलं नाही. दहा नंबरच्या पान्याचं काम असावं असं मला पत्र वाचतानाच वाटायला लागलं, का ते सांगतो.

बॅटरी खरंच कमजोर असली की ती हळूहळू रडते. सकाळी सेल्फ जड फिरतो, कुंऽ कुंऽ करतो, आठवडाभर असं चालतं आणि मग एक दिवस बसते. पाच मिनिटं विश्रांती घेऊन पूर्ण ताकदीने उठून उभी राहणारी बॅटरी मी तीस वर्षांत फार कमी पाहिली. एक अपवाद आहे, बॅटरीच्या आतली पट्टी तुटली की ती पण असाच लपंडाव खेळते, पण तुम्ही बॅटरी बदललीत आणि तरी तेच चालू आहे म्हणजे तो संशय गेला. राहिलं काय, तर जोड. टर्मिनलचा क्लॅम्प, म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला (पोलला) आवळून धरणारं वायरीचं टोक, नाहीतर त्याच वायरीचं दुसरं टोक.

आता ते १२.६. ताई, ह्या आकड्याने भल्याभल्यांना फसवलंय. तो आकडा गाडी बंद असताना घेतलाय, बरोबर? घरात ओपाचं पाणी येतं त्या पाइपात चिंधी अडकलीय असं समजा. नळ बंद ठेवून प्रेशर बघाल तर पूर्ण दिसणार, कारण पाणी वाहतच नाहीये. नळ उघडला की मग कळतं, धार नाही, नुसतं ठिबकतंय. सैल जोडाचं तसंच. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे खराब जोडातूनसुद्धा तो १२.६ च वाचतो.

हिशोबच करून दाखवतो. समजा क्लॅम्प आणि पोल यांच्यामध्ये नुसता ०.०२ ओहम अडथळा आलाय, इतका कमी की साध्या मीटरला तो मोजता पण येत नाही. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर घेतो, त्या जोडात पडले ०.०९ व्होल्ट, डोळ्याला फरकच कळणार नाही. हॉर्न वाजणार, रेडिओ गाणार. आणि सेल्फ? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सहज १५० अँपिअर ओढू बघतो. १५० गुणिले ०.०२, झाले ३ व्होल्ट. सेल्फ आधीच बॅटरीला खाली खेचतो, त्यात हे तीन गेले की त्याच्या हाती सात राहिले की साडेसात कोण जाणे. सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, म्हणजे सोलेनॉइड, आत ओढतो, टक्, व्होल्टेज पडतं, तो सोडून देतो. जोड अजून खराब असला तर त्या एका झटक्याने ठिणगी पडून सगळंच सुटतं, आणि मग तुमच्यासारखे डॅशबोर्डचे दिवे पण जातात. थोडा वेळ गेला, दार आपटलं, कोणी सीटवर बसलं, वायर केसभर हलली, की परत टेकली. जंपरने गाडी का उठली तेही हेच, त्याचे दात क्लॅम्पला चावले नि क्लॅम्प हलून पोलवर बसला, टॅक्सीवाल्याची बॅटरी बहुतेक लागलीच नाही.

तपासायचं कसं. मीटर नसेल तर आधी हात. गाडी बंद, चावी काढलेली, हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवायची, मंगळसूत्र लोंबत असेल तर ते आत खोचायचं, कारण धातू प्लसला आणि बॉडीला एकदम टेकला तर लालबुंद होतो आणि माणूस भाजतो. मग प्रत्येक क्लॅम्प हाताने पिळून बघायचा, आधी काळ्या वायरीचा मग लाल. हाताने जरा जरी फिरला तर तिथेच चोर सापडला. हाताने हलणारा टर्मिनल म्हणजे सैल, ‘थोडासाच हलतो’ असं काही नसतं.

हाताला घट्ट लागला तरी तो निर्दोष सुटला असं नाही. वरून घट्ट आणि आतून काळपट साका जमलेला असा क्लॅम्प भरपूर वेळा बघितलाय. तिथे मीटर लागतो, चार-पाचशेचा साधा चालेल. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या पोलवर, अगदी मधोमध, आणि दुसरं टोक त्याच पोलच्या क्लॅम्पवर. हो, दोन्ही टोकं एकाच बाजूला, गोंधळू नका. आता दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. जोड चांगला असेल तर मीटर शून्याला चिकटून राहील. ०.१ च्या वर गेला तर साफ करा, अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर दुसरं काही शोधायलाच नको. लालचं झालं की काळ्याचं असंच.

मग पोल ते पोल. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर धरला आणि तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी खरंच कमजोर, किंवा चार्ज नाही. पण पोलवर अकरा आणि क्लॅम्पवर सात असेल तर बॅटरीला उगाच बदनाम करू नका. तुमच्या मेकॅनिकने हे दोन मिनिटांचं काम पहिल्या दिवशी केलं असतं तर साडेअकरा हजार वाचले असते. त्याला मी नावं ठेवत नाही, गॅरेजमध्ये गाडी आणली की ती शहाण्यासारखी चालू होते, हे प्रत्येक मेकॅनिकच्या नशिबात आहे.

आणि आता तो भाग जो सगळे विसरतात, अर्थ. बॅटरीची काळी वायर एका टोकाला बॅटरीला, दुसऱ्या टोकाला बॉडीला. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं, त्याला वेगळी जाळीदार पट्टी किंवा जाड काळी वायर असते. व्हॅनमध्ये ही गाडीच्या पोटाखाली चिखल खात लोंबत असते, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. तिचा बोल्ट गंजला की सेल्फला परतीचा रस्ता नाही. मग करंट दुसरी वाट शोधतो. एका व्हॅनची अॅक्सिलरेटरची केबल गरम होऊन आतलं प्लास्टिक वितळलं होतं, पोरगा तीन केबल बदलून माझ्याकडे आला होता, अर्थची पट्टी तुटलेली आणि सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर, सेल्फ मारा, ०.३ च्या वर गेला तर पट्टी काढून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासा. प्लसच्या बाजूला पोलपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

शेवटचा एक संशय, कारण तुम्ही बॅटरी बदललीय. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना बारीक पोलची बॅटरी लागते आणि दुकानात कधी जाड पोलवाली गळ्यात मारतात, कधी उलटं होतं. जाड पोलवर क्लॅम्प फाकवून बसवला आणि नंतर परत बारीक पोल आला की क्लॅम्पचा नट कितीही आवळा, त्याची फट पूर्ण मिटते पण पकड येत नाही. मग लोक काय करतात, मध्ये खिळा ठोकतात, सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात, हातोडीने ठोकतात. ताई, हे करू देऊ नका कोणाला. ठोकल्याने पोल मुळापासून हलतो आणि तिथून अॅसिड पाझरायला लागतं. पोलवर बसवायची शिशाची टोपी मिळते, नाहीतर सरळ नवा क्लॅम्प घाला, फार पैसे लागत नाहीत. आणि प्लसचा पोल मायनसपेक्षा थोडा जाड असतो, त्यामुळे दोन्ही क्लॅम्प एकसारखे असतात असं समजून दुकानातून आणू नका.

काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की चवथीचे फटाके सीटखालीच.

प्रश्न: काका, आमचा काणकोणला पाळोळेपासून जवळ होमस्टे आहे, पाहुण्यांसाठी व्हॅन आहे. टर्मिनलवर हिरवं-पांढरं पीठ जमतं, मी पुसतो, महिन्याभरात परत. गरम पाणी ओतलं तर जातं पण टिकत नाही. काय लावू?

उत्तर: बाबा, गरम पाणी ओतणं हे तोंड धुवून दात घासल्याचं समाधान आहे. पांढरं आहे ते शिशाचं सल्फेट, हिरवं-निळं आहे ते तांब्याचं, म्हणजे अॅसिडची वाफ तुझ्या वायरीतल्या तांब्यापर्यंत पोचलीय, आणि वर तुमचं खारं वारं आहेच मदतीला. क्लॅम्प काढ, मायनस आधी. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घास, फस्स करून फेस येईल, फेस थांबला की अॅसिड मेलं. फक्त हे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नकोस, आत अॅसिडच हवंय. साध्या पाण्याने धू, पूर्ण सुकव, मग पोल बाहेरून आणि क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास. सुका जोड आधी घट्ट आवळायचा आणि मग वरून व्हॅसलिनचा थर. बरेच जण आधी पोलला ग्रीस फासतात आणि त्यावर क्लॅम्प चढवतात, मला ते पटत नाही, जिथे धातूला धातू टेकायचाय तिथे मध्ये काही कशाला.

पण तू म्हणतोस महिन्याभरात परत येतं, हे जरा जास्त आहे. दोन गोष्टी बघ. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोज, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. पंधराच्या पुढे जात असेल तर डायनामोचा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळतेय आणि ती वाफ टर्मिनलवर बसतेय, तू मात्र खाऱ्या वाऱ्याला शिव्या घालतोयस. तसं नसेल तर पोलच्या बुडाशी बारीक चीर बघ. आणि वायर क्लॅम्पपासून वीतभर दाबत जा. इन्सुलेशनच्या आत फुगलेली, कडक, दाबली की करकर करते असं लागलं तर आत पण पीठ झालंय, ती वायर धुवून सुधारत नाही, बदलायची.

प्रश्न: सर मी वाळपयचा, केरीहून चोर्ला घाटातून बेळगावला भाजी आणायला व्हॅन नेतो आठवड्यातून तीनदा. घाटात खड्ड्यात चाक गेलं की घड्याळ १२ वर जातं, रेडिओ रिसेट, कधी इंजिनचा पिवळा दिवा लागतो मग आपोआप जातो, हेडलाइटचे बल्ब तर या वर्षात पाच गेले. वायरमन म्हणतो पूर्ण वायरिंग बदल. काय करू सर खर्च परवडत नाही.

उत्तर: अरे थांब, वायरिंग बदलू नकोस. घड्याळ बारावर जातं याचा अर्थ क्षणभर का होईना बॅटरी गाडीपासून तुटते. हेडलाइटच्या वायरीत बिघाड असता तर घड्याळाचं काय बिघडलं असतं? सगळ्यांना एकदम झटका बसतो म्हणजे दोष सगळ्यांच्या मुळाशी आहे, फांदीला नाही.

बल्ब का जातात ते पण ऐक. इंजिन चालू असताना डायनामो बॅटरीत करंट ओततो आणि बॅटरी एखाद्या मोठ्या तळ्यासारखी सगळे धक्के पोटात घेते. खड्ड्यात टर्मिनल सुटला की तळंच गायब, डायनामोचं व्होल्टेज त्या क्षणाला एकदम उसळतं. बल्ब जातात ते स्वस्तात सुटलं समज, कधी गाडीचा कॉम्प्युटर गेला तर मग वायरिंगचा खर्चसुद्धा स्वस्त वाटेल.

तुझ्या बाबतीत मी क्लॅम्पआधी बॅटरीची बैठक बघेन. बॅटरी ट्रेमध्ये आवळून धरणारी पट्टी असते, बॅटरी बदलताना ती काढतात आणि परत लावायचा कंटाळा करतात. मग भाजीच्या वजनाने लदलेली गाडी घाटात आदळते आणि दहा-बारा किलोची बॅटरी दर खड्ड्याला उडी मारते, तिच्या मानेला बांधलेला क्लॅम्प किती दिवस धरून ठेवणार? दोन्ही हातांनी बॅटरी हलवून बघ. हलली तर पट्टी मिळवून लाव. गोणपाट कोंबू नकोस, आणि वरून उघडी तार तर अजिबात नको, ती प्लसला टेकली की संपलं.

मग दारात गाडी उभी कर, इंजिन बंद, हेडलाइट लाव, आणि टर्मिनल, काळ्या वायरीचा बॉडीवरचा बोल्ट, मेन फ्यूजचा जोड असं एकेक हलव. लाइट लुकलुकला की तोच. घट्ट केल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी उभी असताना इंजिनचा वेग जरा वरखाली होईल, कॉम्प्युटर परत शिकत असतो, घाबरू नकोस. क्लॅम्पला जोडलेला जादा फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर असं काही असेल तर ती उपरी टोकं त्या एकाच नटखाली खुपसू नकोस, फ्यूज घालून वेगळी घे.

प्रश्न: आमचा मेकॅनिक चालू इंजिनमध्ये बॅटरीचा टर्मिनल काढतो आणि म्हणतो गाडी चालू राहिली म्हणजे डायनामो चांगला. हे बरोबर आहे का? (म्हापसा)

उत्तर: नाही. वरचं उत्तर वाचा, खड्डा जे चुकून करतो ते हा मुद्दाम करतोय. जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर नव्हता म्हणून ही पद्धत खपून गेली. डायनामो तपासायला मीटर पुरे. त्यात बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि चालू करंटमध्ये टर्मिनल काढला की ठिणगी ठरलेली. बॅटरी फुटून अॅसिड तोंडावर उडालेला माणूस मी बघितलाय, डोळा वाचला ही देवाची कृपा.

प्रश्न: आम्ही पेडण्याला, मुलगा दुबईला. त्याची व्हॅन दारात असते, पंधरा-वीस दिवस कोणी चालवत नाही. दर वेळी बॅटरी उतरलेली. तुम्ही टर्मिनल घट्ट करा म्हणता म्हणून मागच्या अंकानंतर ते केलं, स्वच्छ पण केलं. फरक नाही. माझं वय ७१, धक्का मारायला माणसं बोलवावी लागतात.

उत्तर: काका, तुमचा टर्मिनल निर्दोष आहे, त्याला सोडून द्या. मी पण कुठे कुठे उगाच टर्मिनल आवळायला लावतो असं आमची बायको म्हणतेच. तुमच्याकडे उलटा प्रकार आहे, जोड चांगला आहे म्हणूनच करंट गळतोय. गाडी बंद असली तरी घड्याळ, कॉम्प्युटर, असला तर अलार्म, थोडं थोडं खातात. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक मानतात. पण ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, पंधरा दिवसांत १८. छोट्या व्हॅनची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची, अर्धी तर गेली, वर ती जुनी असेल तर सेल्फ कुठून मारणार.

सगळ्यात सोपं, मुलगा दुबईला गेला की मायनसचा क्लॅम्प काढून बाजूला कापडात गुंडाळून ठेवा. त्याआधी रेडिओला कोड लागतो का ते मुलाला फोनवर विचारून घ्या, नाहीतर तो आल्यावर रेडिओ तोंड उघडणार नाही. रोज क्लॅम्प काढणं-लावणं वयाला झेपत नसेल तर मायनसला बसवायचा फिरकीचा कट-ऑफ स्विच मिळतो, चिमटीने फिरवला की झालं. फक्त तो स्वस्तातला हलका घेऊ नका, सेल्फचा पूर्ण करंट त्यातूनच जायचाय, हलका घेतलात तर पुढच्या अंकात म्हार्दोळच्या ताईंसारखं पत्र तुमच्याकडून येईल, टक् करते आणि गप्प बसते.

आणि काढूनही पंधरा दिवसांत बॅटरी बसली तर मात्र बॅटरीच म्हातारी झालीय. पावती शोधून ठेवा, वॉरंटी असेल तर मुलाला सांगायच्या आधी दुकानात जाऊन या.